आधी परीक्षा चालकाची
टेस्लाने सप्टेंबर 2021 मध्ये अमेरिकेत अट घातली: स्वयंचलित ड्रायव्हिंगचं सॉफ्टवेअर रस्त्यावर आजमावायचं, तर आधी मालकाने स्वतः नीट गाडी चालवून दाखवायची. अचानक ब्रेक, झपकन वळण, पुढच्या गाडीला चिकटून चालणं, धडकेचे इशारे यांवरून 100 पैकी गुण. ऑक्टोबरमध्ये पहिला मान पूर्ण 100 वाल्यांना मिळाला. एका सेकंदात वेग ताशी सुमारे 11 किलोमीटरने उतरला, की ब्रेक ‘जोराचा’ ठरे.

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरचा जालना रोड आठवा. सेव्हन हिल्सपाशी रिक्षा आडवी आली, तर करकचून ब्रेक मारणाराच शहाणा. गुण मात्र त्याचेच कापले जाणार! हा हिशोब मला अपुरा वाटतो. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये उत्तर अमेरिकेत गुणांची ही अट उठली. पैसे भरलेल्या कुणालाही सॉफ्टवेअर मिळू लागलं.