शिस्त पुढे, नक्षी मागे

अक्रोडाचा एक ठोकळा आहे. सुमारे ३५ इंच लांब, ८ इंच रुंद, अडीच इंच जाड. करड्या-तपकिरी अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या रेघांचे भोवरे, अधूनमधून सोनेरी लाटा. पाहताक्षणी कोणालाही आवडावा असा. पण मागणीनुसार रायफल घडवणारा मुरलेला कारागीर तो हातात घेतो, उलटासुलटा करतो आणि बाजूला ठेवून देतो. शेजारचाच दुसरा ठोकळा पुढून अगदी साधा आणि सरळ रेघांचा आहे. नक्षी फुलली आहे ती फक्त मागच्या तिसऱ्या हिश्श्यात. कारागीर तो निवडतो. या निवडीत आवडीनिवडीचा भाग थोडा आणि झाडाच्या शरीररचनेचा मोठा असतो.

दस्ता म्हणजे रायफलीचा लाकडी देह. पुढचा लांबट भाग नळीखाली येतो, मधल्या बारीक भागावर नेमबाजाची मूठ बसते आणि मागचा रुंद भाग खांद्याला टेकतो. ‘.३०-०६’सारखी शिकारी काडतुसे झाडणारी साडेतीन किलोंची रायफल गोळी सुटताच सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने मागे येते. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियमच तसा आहे. नळीची रेषा वर असते आणि खांद्याचा टेकू थोडा खाली. त्यामुळे हा धक्का दस्त्याला मुठीपाशी वाकवू पाहतो. दस्ता नेमका तिथेच सर्वांत बारीक असतो आणि मोडतोही बहुधा तिथेच.

तिरक्या रेघेची किंमत

लाकूड म्हणजे खोडाच्या उंचीच्या दिशेने रचलेल्या लांबट पेशींची जुडी. या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या, आणि त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारे द्रव्य लिग्निन. तंतूंच्या दिशेने ही जुडी प्रचंड ताण सोसते, पण आडव्या दिशेने ती सहज उकलते. जळाऊ लाकूड उभे फोडले की पटकन दुभंगते, ते यामुळेच. कुऱ्हाडीला दांडा निवडताना शेतकरी तो डोळ्यासमोर धरून रेघा टोकापर्यंत सरळ जातात का ते पाहतो. दस्त्याच्या मुठीला लागू पडणारा नियमही तोच आहे.

अमेरिकेतील मॅडिसन येथील सरकारी वनोपज प्रयोगशाळेने हा नियम आकड्यांत मांडला आहे. तंतू काठाशी समांतर असताना वाकण्याला होणारा लाकडाचा विरोध १०० मानला, तर १० इंचांत १ इंच तिरके गेलेले तंतू असताना तो ८१ उरतो. ५ इंचांत १ इंच तिरके गेले तर ५५. अचानक बसणाऱ्या हादऱ्याचा हिशेब त्याहून कडक आहे: १० इंचांत १ इंच तिरपेपणाला ६२ आणि ५ इंचांत १ इंच तिरपेपणाला अवघे ३६. म्हणजे मुठीतून तिरपी निसटणारी एक देखणी रेघ दस्त्याचे दोनतृतीयांश बळ घेऊन जाऊ शकते.

मूठ मागच्या बाजूला खाली उतरते, म्हणून रेघांनीही तिथे तसाच उतार घ्यावा लागतो. त्यासाठी कारागीर दस्त्याच्या आकाराचा पारदर्शक साचा ठोकळ्यावर ठेवून फिरवत राहतात. साचा काही अंशांनी वळवला तरी तोच ठोकळा बाद ठरतो किंवा उत्तम ठरतो. पुढच्या भागात रेघा नळीला समांतर हव्यात, मुठीत मुठीच्या उताराशी. मागचा भाग रुंद आणि जाड, त्याच्यावर ताण कमी. तिथे लाकडाला मोकळीक देता येते.

नक्षी येते कुठून?

मोकळीक द्यायची, कारण नक्षी म्हणजे तंतूंनी सोडलेली शिस्त. खोडाला फांदी फुटते त्या बेचक्यात दोन बाजूंचे तंतू एकमेकांत घुसतात आणि चिरल्यावर तिथे पिसासारखा आकार दिसतो. बुंध्याशी आणि मुळांशी झाडाचा भार पेलताना तंतू पिळवटतात, त्यातून संगमरवरासारखे ढग उमटतात. खोडावरच्या गाठींमध्ये असंख्य निद्रिस्त कळ्यांभोवती तंतू गुरफटतात. काही झाडांत तर तंतू सरळ न वाढता लाटांनी वाढतात. अशा लाकडावर आडवे पट्टे दिसतात. व्हायोलिनच्या पाठीला वापरलेल्या मेपलमध्येही हेच पट्टे असतात.

दस्ता हातात फिरवला की हे पट्टे जागा बदलतात. कारण सोपे आहे. लाटेच्या चढावरच्या पेशी एका कोनात कापल्या जातात, उतारावरच्या दुसऱ्या. उघड्या पडलेल्या पेशीभिंती प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी परावर्तित करतात. कोन बदलताच उजळ पट्टा काळवंडतो आणि शेजारचा उजळतो. रंग तोच राहतो, बदलते ते परावर्तन. तेलाचे हात दिल्यावर हा खेळ अधिक खोल दिसतो, कारण पृष्ठभागावर विखुरणारा प्रकाश कमी होतो. कोऱ्या ठोकळ्यावर टर्पेंटाइनचा ओला बोळा फिरवून ग्राहकाला तयार दस्त्याची झलक दाखवतात ती यामुळेच.

ठोकळा कसा चिरला यावरही बरेच अवलंबून असते. चीर खोडाच्या केंद्राकडून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने गेली असेल तर दस्त्याच्या बाजूवर सरळ, दाट रेघा येतात. असे लाकूड वाकडे होण्याचा संभव कमी आणि लाटांचे आडवे पट्टेही त्याच्यावर उठून दिसतात. वार्षिक वलयांना स्पर्शून चिरलेल्या फळीवर रुंद, डोंगरांसारखे आकार मिळतात. दोन्हींचे चाहते आहेत.

काळ्या रेघांची गोष्ट वेगळी. झाडाच्या बाहेरच्या फिकट रसकाष्ठातून पाणी वर जाते. आतल्या पेशी मरताना त्यांच्यात फिनॉलवर्गीय द्रव्ये साठतात, ती ऑक्सिडीकरणाने गडद होतात आणि तपकिरी मध्यकाष्ठ तयार होते. अक्रोडात हे रंगद्रव्य सारखे पसरत नाही, वार्षिक वलयांची वेसही पाळत नाही. रेघा शाईच्या ओघळांसारख्या धावतात ते म्हणून. या रेघांचा तंतूंच्या दिशेशी संबंध असेलच असे नाही, आणि नवख्याची फसगत होते ती इथे. रंगाची रेघ मुठीतून सरळ जाताना दिसते, पण तंतू बाजूला निसटलेले असतात. खरी दिशा ओळखायची तर भिंगाखाली वाहिन्यांची बारीक छिद्रे आणि चिरा पाहाव्या लागतात. फिकट रसकाष्ठाचा पट्टा मात्र मुकाट्याने टाकावा. त्यात स्टार्च असल्याने भुंगे तिथेच शिरतात.

वाळणे, मग वाट पाहणे

ताज्या लाकडात पाणी दोन जागी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले आधी निघून जाते, त्याने आकार बदलत नाही. ओलावा सुमारे २८-३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते. पूर्ण वाळताना अमेरिकेतला काळा अक्रोड वलयांच्या दिशेने ७.८ टक्के आकसतो, त्रिज्येच्या दिशेने ५.५ टक्के आणि लांबीत जवळजवळ नाहीच. या असमान आकसण्यामुळेच तडे जातात. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने पळते, म्हणून ठोकळ्यांची टोके मेणाने बंद करतात. दर इंच जाडीला एक वर्ष, हा वाळवणाऱ्यांचा जुना अंदाज आहे. त्या हिशेबाने अडीच इंचांचा ठोकळा दोन-तीन वर्षांनी हत्यारासमोर येतो. ठोकळा तराजूवर पुन्हा पुन्हा ठेवायचा, आणि वजन उतरणे थांबले की तो आसपासच्या हवेशी जुळला असे समजायचे.

पण हवा बदलली की लाकूड पुन्हा हलते. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडात सुमारे ६ टक्के ओलावा राहतो, ६५ टक्क्यांना १२ टक्के. एवढ्या फरकाने ४० मिलिमीटर लाकूड वलयांच्या दिशेने सुमारे ०.६ मिलिमीटर फुगते. हे लाकूड नळीला एका बाजूने दाबू लागले, तर नळीची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे जाते. म्हणून अनेक रायफलींमध्ये नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवतात. उन्हाळ्यात विदर्भात नेम बसवलेली रायफल पावसाळ्यात कोकणात नेली तर काय होईल, ते या आकड्यांवरून ताडता येते.

अक्रोडच का?

सागवान तर ओलाव्याने कमी हलते. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत भारतीय लाकडांचे गुण मोजताना सागवानालाच १०० धरण्याची रीत आहे. पण सागवान धक्का सोसण्यात थोडे ठिसूळ, आणि त्यातल्या सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते. ओकमधले आम्ल पोलाद गंजवते. शिसम वजनदार. अक्रोड घनमीटरला ६००-६५० किलो भरतो, हादरा सोसतो, सहज फुटत नाही आणि पकडीसाठी कोरायच्या बारीक चौकड्यांच्या कडा शाबूत ठेवतो. कुठल्याच एका गुणात तो पहिला नाही, पण कुठे नापासही होत नाही.

कॉकेशस, तुर्कस्तान, फ्रान्स आणि काश्मीर इथला अक्रोड एकाच जातीचा: जुग्लान्स रेजिया. काश्मीरमध्ये त्याला ‘दून’ म्हणतात. तिथले कोरीवकाम करणारे कारागीरही मुळाजवळचे गडद, नक्षीदार लाकूड सर्वांत मोलाचे मानतात. १९६९च्या कायद्याने तिथे परवानगीशिवाय अक्रोड तोडता येत नाही. कॅलिफोर्नियात रेजियाची कलमे स्थानिक हिंड्साय अक्रोडाच्या खुंटांवर बांधली गेली. अशा म्हाताऱ्या बागा काढल्या की बुंध्यातून कधीकधी असा ठोकळा निघतो, ज्यात कलमाच्या सांध्याखालचे लाकूड गडद असते आणि वरचे फिकट. या दोन जातींचा संकर लूथर बरबँक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला आणि त्याला ‘पॅराडॉक्स’ असे नाव दिले. झपाट्याने वाढूनही त्याचे लाकूड घट्ट असते, म्हणून दस्तेवाले त्याला फार मानतात.

युद्धांनी अक्रोडाचा फडशाही पाडला. १८१९-२०च्या सुमारास टॉमस ब्लँचर्ड यांनी वेड्यावाकड्या आकाराचा दस्ता नमुन्याबरहुकूम कातणारे यंत्र अमेरिकेत बनवले आणि हातकामाची मर्यादा गेली. १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या आवाहनावरून बॉय स्काउट्सची मुले काळ्या अक्रोडाची झाडे मोजत फिरली. रायफलींचे दस्ते आणि विमानांचे पंखे या दोन्हींसाठी ते लाकूड हवे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीने बीचचे पातळ थर चिकटवून दस्ते केले. एका थराचा दोष शेजारचा थर झाकतो, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उरत नाही. आजच्या ऑलिंपिक रायफलींचे दस्ते बहुतांशी ॲल्युमिनियमचे आणि जोड-बदल करता येणारे असतात. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर थ्री पोझिशन स्पर्धेत लाकडाचा लहरीपणा कोणालाच परवडत नाही.

मग अक्रोडाच्या उत्तम ठोकळ्याला साध्या ठोकळ्याच्या कित्येक पट पैसे मोजायचे कशासाठी? झाडाने आपला बेचका कुठे घालावा हे कोणी ठरवू शकत नाही. शिस्तीचे लाकूड मुठीत आणि बेशिस्तीचे लाकूड बरोबर मागे, असा योग एकाच फळीत क्वचित येतो, आणि आलाच तर तो ओळखणारा डोळा लागतो. हा डोळा तयार करायला रायफल विकत घ्यायची गरज नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या बंदुका मांडलेल्या असतात. तिथे चांदीच्या नक्षीआधी मुठीवर नजर टाका. रेघा तिच्या उतारासोबत वळत असतील, तर लाकूड निवडणाऱ्याला आपले काम कळत होते. रेघा मुठीच्या काठावरून बाहेर पडत असतील, तर जवळपास कुठेतरी पितळी पट्टीची किंवा खिळ्याची दुरुस्तीही सापडते का, ते पाहा.