नरगुंदचा फास आणि राणीचा तारा

नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांना १२ जून १८५८ रोजी बेळगावात फाशी दिलं गेलं. पोटी मुलगा नव्हता, दत्तकाला सरकारची मंजुरी मिळत नव्हती, संस्थान खालसा होणार हे स्पष्ट दिसत होतं. अखेर त्यांनी शस्त्र उचललं. २९ मेच्या रात्री सुरेबानला पोलिटिकल एजंट मॅन्सनला गाठून मारलं आणि त्याचं शिर नरगुंदच्या वेशीवर टांगलं. पुढच्या दोन आठवड्यांत सगळं आटोपलं.

वारसाचं हे दुखणं या मुलखाला नवं नव्हतं. पेशवाईत सरलष्कर म्हणून गाजलेले सिधोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे निपाणीचे आप्पा देसाई, १८३९ मध्ये वारले आणि औरस वारस नाही म्हणून त्यांची जहागीर खालसा झाली.

ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवली, तरच १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने ‘ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ का काढली ते उमगतं. बंडाने हादरलेल्या सरकारला संस्थानिक आता आपल्या बाजूला हवे होते. १ नोव्हेंबर १८६१ रोजी अलाहाबादच्या दरबारात पहिले मानकरी सजले. त्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते, भोपाळची सिकंदर बेगमही होती. पुढच्याच वर्षी दत्तकाच्या सनदा निघाल्या. बाबासाहेब ज्यासाठी फासावर गेले, ते चार वर्षांत कागदावर मिळू लागलं. मला हा हिशेब फार क्रूर वाटतो.

ऑर्डरची रचना उतरंडीची. सर्वांत वर राणी, तिच्याखाली ग्रँड मास्टर म्हणून व्हाइसरॉय. १८६६ पासून तीन पायऱ्या झाल्या: जी.सी.एस.आय., के.सी.एस.आय. आणि सी.एस.आय. वरच्या दोन पायऱ्यांवरच्यांना ‘सर’ लावता येई, तिसरीला नाही. फीत फिकट निळी, कडा पांढऱ्या, पदकावर राणीची कोरीव प्रतिमा. गळ्यातल्या सोन्याच्या माळेत कमळं आणि इंग्लंडचे गुलाब गुंफलेले. मानकरी वारला की ही माळ वारसांनी परत करायची. १८७८ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ निघाली. तिचा मान एक पायरी खालचा, म्हणून ती अधिक जणांच्या वाट्याला आली.

ताऱ्याने माणूस वाचत मात्र नसे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज पोरवयातच के.सी.एस.आय. झाले. पुढे त्यांना वेडं ठरवून कोंडून ठेवलं. त्यांचा छळ होतो असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापलं. कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय जेमतेम वीस. साम्राज्याचा ‘सर’ साम्राज्याच्याच शिपायाच्या हातून गेला, ही गोष्ट आजही वाचताना अंगावर येते.

त्यांच्यानंतर दत्तक आलेले शाहू महाराज १८९५ मध्ये जी.सी.एस.आय. झाले, १९११ मध्ये इंडियन एम्पायरचे जी.सी.आय.ई. त्यांनी राज्यकर्त्यांची मर्जी राखली, हा आक्षेप जुनाच आहे. मला तो अपुरा वाटतो. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेत होते, आणि त्याच मुक्कामात, २६ जुलैला, मागासलेल्या वर्गांना नोकरीत निम्म्या जागा राखण्याचा त्यांचा हुकूम निघाला. रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात, म्हणजे तो आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या रयतेलाही लागू झाला. राजघराण्याचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही, या वेदोक्त प्रकरणात विरोधकांनी इंग्रजांकडे अपिलं केली, ती फेटाळली गेली. दरबारी वजन कशासाठी खर्चायचं, हे महाराजांना नेमकं ठाऊक होतं.

खुद्द बेळगावात या मानकऱ्यांची सरहद्द शहराला खेटून होती. बेळगाव इंग्रजांचं, लगतचं शहापूर सांगलीचं. सांगलीचे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आधी के.सी.आय.ई., मग के.सी.एस.आय.; गोलमेज परिषदेलाही गेलेले. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणारा माणूस गोऱ्या कलेक्टरच्या अमलातून निघून पटवर्धनांच्या राज्यात शिरत असे. दरम्यान १९२० च्या असहकारात किताब परत करणं हा कार्यक्रमच ठरला होता, आणि १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशन याच बेळगावात भरलं. तेव्हा लोकांच्या मनात मान होता तो बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांना; त्यांच्या छातीवर कसलाही तारा नव्हता.

१ जानेवारी १९४८ नंतर या दोन्ही ऑर्डरींत कोणाचीही नेमणूक झाली नाही. त्याच मार्चमध्ये सांगली मुंबई प्रांतात विलीन झाली आणि शहापूरची वेगळी हद्द संपली. कोल्हापूर वर्षभराने आलं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी शहापूर, रायबाग, निपाणी सगळंच म्हैसूर राज्यात गेलं. ऑर्डरी मात्र रीतसर रद्द झाल्या नाहीत. स्टार ऑफ इंडियाचे शेवटचे हयात मानकरी, अलवरचे महाराज, २००९ मध्ये वारले.