पुतळा हलत नाही, आपण हलायचं

गेल्या पावसाळ्यात एका हौशी छायाचित्र स्पर्धेची जाहिरात आमच्या वर्गाच्या ग्रुपवर आली. विषय होता ‘पुतळे आणि स्मारके’. फोटो स्वतः काढलेला हवा, मोबाइलवरचा चालेल आणि खाली दोन-तीन ओळी माहिती लिहायची, एवढ्याच अटी. मला वाटलं, यात काय अवघड आहे? पक्षी उडून जातो, लहान मूल पळतं, पुतळा बिचारा जागचा हलत नाही. दुसऱ्याच दिवशी पणजीला उतरले, जुन्या सचिवालयाजवळच्या आबे फारियाच्या पुतळ्यासमोर उभी राहिले, मोबाइल वर धरला आणि फोटो काढला. पाच मिनिटांत काम झालं.

घरी येऊन तो फोटो शामायला दाखवला. (आमच्या घरी आजीला शामाय म्हणतात.) तिनं चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, “अगे, हो तिका मारता?”

मला हसूच आलं. मग फोटो पुन्हा पाहिला आणि हसू थांबलं. लांब झग्यातला एक उंच माणूस दोन्ही हात पसरून उभा, समोर एक बाई मागे कोसळतेय आणि तिचा चेहरा दिसतच नाही. शामायचं काही चुकलं नव्हतं. मीच तसं दाखवलं होतं. त्या एका चुकीमुळे पुतळ्याचा फोटो कसा काढावा हे मला थोडंफार कळलं, ते इथे सांगते.

आधी पुतळा कुणाचा ते बघा

“हा आबे फारिया,” असं सांगितल्यावर शामाय सावरून बसली. “आमचो कांदोळचो पाद्री?” पणजीला ती शेकडो वेळा गेली असेल, पण पुतळ्याखाली थांबून कोण बघतं? गोष्ट मात्र तिला पाठ होती. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिलेला तरुण फारिया घाबरून गप्प झाला, तेव्हा त्याचे वडील हळूच कोंकणीत म्हणाले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” समोर बसलेली माणसं म्हणजे पालेभाजी, तू आपला कापत जा. ही दंतकथा असेल, पण गोव्यातल्या घरांत परीक्षेला निघालेल्या मुलांना अजून ती ऐकवतात.

जुझे कुस्तोदिओ दे फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी कांदोळीला झाला. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढे रोमला शिकले, धर्मगुरू झाले आणि आयुष्याचा शेवटचा काळ पॅरिसमध्ये राहिले. तिथे १८१३ पासून ते लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग करून दाखवू लागले. त्या काळी मेस्मरच्या मताचा बोलबाला होता. प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह निघतो आणि त्याने समोरचा माणूस झोपतो, असं ते मत. फारियांनी ते नाकारलं. त्यांचं म्हणणं असं, की माझ्या हातातून काही निघत नाही. झोपेचं कारण झोपणाऱ्याच्याच मनात असतं, मी फक्त सूचना देतो. १८१९ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ते पॅरिसमध्ये वारले. अलेक्झांडर द्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ कादंबरीतला कैदी आबे फारिया याच नावावरून आलेला आहे.

पणजीतला हा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला, १९४५ मध्ये.

आता माझा फोटो आठवा. ज्या माणसाने ‘शक्ती माझ्या हातात नाही’ असं सांगितलं, त्याचे नुसते हात मी दाखवले होते. आणि जिच्या मनात सगळं घडतंय असं तो म्हणत होता, तिचा चेहराच कापला होता. फारियांचं म्हणणं मी एका क्लिकमध्ये उलटं केलं होतं.

असं का झालं?

पहिली चूक जागेची. पुतळा चौथऱ्यावर असतो आणि आपण खाली. अगदी जवळ उभं राहून मोबाइल वर केला की जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं. चौथरा आणि झग्याचा घेर अवाढव्य येतात, डोकं लिंबाएवढं. मोबाइलची नेहमीची लेन्स बरंच रुंद दृश्य पकडते, त्यामुळे हा प्रकार आणखी वाढतो. उपाय साधा आहे. दहा-पंधरा पावलं मागे जायचं आणि मोबाइलला वेगळी झूमची लेन्स असेल तर ती वापरायची. अंग आणि डोकं यांचं प्रमाण आपोआप जाग्यावर येतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: फोटो काढायच्या आधी पुतळ्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची, मोबाइल खिशात ठेवून. पुढच्या वेळी मी तसं केलं. एका बाजूने फारियांचे हात तिला झाकतात. थोडं पुढे गेलं की हात आणि ती यांच्यामधली मोकळी जागा दिसायला लागते. ते हात तिला लागलेलेच नाहीत! मारणं आणि झोपवणं यांतला फरक त्या रिकाम्या जागेत आहे आणि ती दिसण्यासाठी मला फक्त काही पावलं चालायचं होतं.

फेरी मारल्यावर काय सापडतं याचं दुसरं उदाहरण जुन्या गोव्यात आहे. मांडवीच्या काठावरची व्हाइसरॉयची कमान १५९९ ची, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने बांधलेली. (ती पडल्यावर १९५४ मध्ये पुन्हा उभारली.) नदीच्या बाजूला कोनाड्यात वास्को द गामा उभा आहे. पर्यटक त्याचा फोटो घेतात आणि कमानीखालून पुढे जातात. मागे वळून वर पाहिलं तर शहराच्या बाजूला एक स्त्रीमूर्ती दिसते आणि तिच्या पायाखाली इथला एक माणूस पडलेला आहे. मी कॅथलिक घरातली मुलगी. ती मागची बाजू पाहून मला बरं वाटलं नाही. पण स्मारकाचा फोटो म्हणून नुसती पुढची बाजू पाठवली तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल, हेही कळलं.

उजेड आणि वेळ

काशाचा पुतळा गडद असतो आणि मागे आभाळ पांढरं. कॅमेरा सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड धरतो, म्हणून आभाळ छान येतं आणि पुतळ्याची काळी सावली होते. स्क्रीनवर पुतळ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. आभाळ जरा फिकं पडेल, पडू दे. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या चर्चचं उलटं करायचं: तिथे चिन्ह थोडं खाली, नाहीतर भिंतीवरचं नक्षीकाम धुऊन गेल्यासारखं दिसतं.

ऊन समोरून पडलं की मूर्ती सपाट दिसते. बाजूने तिरपं पडलं की नाक, झग्याच्या चुण्या, बोटं उठून दिसतात. म्हणून सकाळ किंवा संध्याकाळ. पण कुठे सकाळ आणि कुठे संध्याकाळ? जुन्या गोव्यात याचा सुंदर धडा आहे. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आणि रस्त्यापलीकडच्या बॉम जेझूस बासिलिकेचं पश्चिमेला. म्हणजे सकाळी ‘से’, संध्याकाळी बॉम जेझूस. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलात तर एक जण अंधारात राहणारच. बासिलिकेचा जांभा दगड उघडा आहे. पावसानंतर तो भिजला की रंग गडद होतो आणि मग उतरत्या उन्हात बघत राहावंसं वाटतं.

काशाच्या पुतळ्यासाठी मात्र मला ढगाळ दिवस सगळ्यात आवडला. उजेड मऊ असतो, काळ्याभोर सावल्या पडत नाहीत, झग्याच्या आतल्या घड्याही दिसतात.

वायर, कावळा आणि माणसं

पुतळ्यामागे विजेची तार असते, पाटी असते, डोक्यावर कावळा असतो. हे सगळं पुसून देणारी ॲप्स आहेत आणि मीही ती वापरते, वाढदिवसाच्या फोटोंना. स्मारकाच्या बाबतीत मी नियम केला: पुसायचं नाही, सरकायचं. दोन पावलं डावीकडे गेलं तर तार झग्यामागे लपते. नाहीच लपली तर राहू द्यायची.

कारण स्मारकाचा फोटो कधीतरी पुरावा होतो. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचा दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये कोसळला. आता उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. उद्या आणखी काही ढासळलं, तर आज कुणीतरी काढलेला साधा फोटोच सांगेल की भेग कुठे होती, झुडूप कुठे उगवलं होतं. ते झुडूप ‘वाईट दिसतं’ म्हणून मी पुसलं, तर फोटो छान होईल आणि खोटाही. शिवाय ४६ मीटर म्हणजे किती, हे नुसत्या मनोऱ्यावरून कळत नाही. पायथ्याशी झाडू मारणारी बाई चौकटीत असली की लगेच कळतं. तिला विचारून मात्र घ्या.

थोडे नियमही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी लागते. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचा फोटो काढणं हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग नाही, कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. म्हणून चौकातल्या पुतळ्याचा फोटो स्पर्धेला खुशाल पाठवा. चर्चमध्ये किंवा देवळात मात्र कायद्याच्या आधी भान लागतं. दारातली पाटी वाचा. चौकातला पुतळा बघण्यासाठी असतो, वेदीवरच्या मूर्तीसमोर कुणीतरी काहीतरी मागत असतं. मिस्साच्या वेळी मोबाइल खिशात.

पुन्हा पणजी

एकूण चार वेळा गेले. चौथ्या वेळी सकाळची सर नुकतीच थांबली होती, पुतळा ओला होता. फेरी मारली, मागे सरले आणि जिथून तिचा चेहरा आणि त्यांचे हात दोन्ही दिसतात तिथे थांबले. एक तार आलीच. खाली माहितीत लिहिलं, की या माणसाच्या मते झोपेचं कारण त्याच्या हातात नव्हतं, हिच्या मनात होतं.

पाठवायच्या आधी शामायला दाखवला. तिनं बराच वेळ बघितलं. म्हणाली, “आतां ती न्हिदल्या.”

स्पर्धेत नंबर आला नाही. पहिला फोटो मी स्टेटसला ठेवला होता, त्याला अजूनही जास्त लाइक्स आहेत, कारण तो जास्त भीतिदायक दिसतो. तो मी आता काढून टाकलाय. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी कमानीची मागची बाजू ठरवून ठेवली आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, सकाळच्या बसने जाऊ.