शेठ, गाडीत माल कुठला?

हेवीचं लायसन हातात पडलं की शिरूर-दौंडच्या पोराला काम शोधायला लांब जावं लागत नाही. शिक्रापूरच्या चौकात, रांजणगाव एमआयडीसीच्या गेटाबाहेर, चौफुल्याच्या ढाब्यावर कुणी ना कुणी विचारतंच, "गाडीवर येतोस का?" शिरूरमधून नगर रोड जातो, दौंड तालुक्यातून सोलापूर रोड, आणि न्हावरे-चौफुला रस्त्याने हे दोन्ही एकमेकांना जोडलेले. रांजणगावातून व्हर्लपूल आणि एलजीचे फ्रिज देशभर निघतात, कुरकुंभहून रसायनांचे टँकर, हंगामात साखर, बारा महिने गूळ. गाड्या भरपूर, ड्रायव्हर कमी.

ट्रान्सपोर्टवाले शेठ तीन गोष्टी विचारतात: घाट चालवलाय का, व्यसन काय, उद्यापासून येतोस का. पोरगा बहुतेक वेळा एकच विचारतो: पगार किती? प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधी विचारण्यासारखे आणखी काही साधे प्रश्न आहेत. त्यातला प्रत्येक प्रश्न थोडा उकरला की आतून असं काही निघतं, की वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही क्षणभर थबकेल.

पहिला प्रश्न: "शेठ, गाडीत माल कुठला?"

फ्रिजचा कंटेनर भरायला गाडीची जागा संपते, वजन संपत नाही. उंच, हलका डबा. जोराचा वारा आडवा आला तर तो गाडीला ढकलतो. टँकरचं सगळंच उलटं. सांगा, पूर्ण भरलेला टँकर जास्त धोक्याचा की अर्धा? अर्धा! डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेऊन बाई सरळ चालत येते, अर्धी घागर मात्र हिंदकळते. टँकरमध्येही तेच होतं. गाडी थांबते, पण आतलं द्रव थांबत नाही. ते पुढे जाऊन आदळतं आणि ब्रेक दाबून उभी राहिलेली गाडी पुन्हा पुढे सरकू पाहते. म्हणून टँकरच्या पोटात भोकं पाडलेल्या आडव्या भिंती बसवतात, म्हणजे लाट तुकड्यातुकड्यांत मोडते. खाद्यपदार्थांच्या अनेक टँकरमध्ये मात्र या भिंती नसतात, कारण प्रत्येक कोपरा धुवून स्वच्छ निघायला हवा. तेव्हा नुसतं "टँकर आहे" एवढ्यावर थांबू नये. आत भिंती आहेत का आणि गाडी कधी अर्धी भरून पाठवता का, हेही विचारावं.

आणि टँकर कुरकुंभचा असेल, तर त्याच्या पाठीवरची पाटी नीट वाचायला शिकावं. त्या पाटीवर चार आकडी नंबर असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1830 म्हणजे गंधकाम्ल, 1789 म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले, जगभर तेच. रोटरडॅमच्या बंदरातला फायरमन आणि दौंडचा फायरमन एकमेकांची भाषा न जाणता एकच पाटी वाचू शकतात! त्याच पाटीवर पेट्रोलसाठी आणखी एक खूण असते: 3 वाय ई. 3 म्हणजे फोम वापरा, वाय म्हणजे सांडलेलं गटारात जाऊ देऊ नका, अडवून धरा, ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. आग लागल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत करायच्या गोष्टी तीन अक्षरांत मावल्या आहेत. असा माल न्यायला साधं हेवी लायसन पुरत नाही. तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, लायसनवर वेगळी नोंद लागते, आणि ती वेळच्या वेळी नव्याने करून घ्यावी लागते. "चालतंय रे, कोण बघतंय," असं शेठ म्हणाले, तर तिथूनच मागे फिरावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न: "किती भरता?"

2018 साली सरकारने एक्सलमागे वजनाची मर्यादा वाढवली. मागच्या चार टायरच्या एकेरी एक्सलला पूर्वी 10.2 टन चालायचे, आता 11.5 टन चालतात. त्यावर आणखी थोडं भरलं तर असं काय बिघडतं? याचं उत्तर अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मिळालं. 1958 ते 1960 या काळात तिथे खास रस्ते बांधले आणि सैन्याच्या ड्रायव्हरांनी त्यांवरून वजन भरलेले ट्रक रात्रंदिवस गोल गोल फिरवले. अकरा लाखांहून जास्त वेळा एक्सल त्या रस्त्यांवरून गेले. निघालेला निष्कर्ष थक्क करणारा होता. वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, चौपटही नाही. ती होते सुमारे सोळापट! एक्सलवर पाव हिस्सा वजन जास्त टाकलं, तर झीज जवळजवळ अडीचपट. नगर रोडवरच्या खड्ड्यांकडे यापुढे या नजरेने बघा.

आणि ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये, वर जादा प्रत्येक टनाला 2,000. कायदा पकडतो तो वजन भरायला लावणाऱ्याला आणि चालवणाऱ्यालाही. म्हणून पुढचं वाक्य शेठना तिथल्या तिथे विचारून घ्यायचं: काट्यावर वजन करूनच गाडी निघते ना, आणि काट्याची पावती माझ्याकडे राहते ना?

आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण तो सगळ्यात कमी विचारला जातो. "झोपायचं कधी?"

1997 साली 'नेचर' या नियतकालिकात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या दोघांचा एक छोटा लेख आला. त्यांनी त्याच माणसांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळी त्यांचं हात-डोळ्यांचं काम मोजलं. सलग 17 तास जागा असलेला माणूस जवळजवळ तितकाच ढिला पडला होता, जितका रक्तात 0.05 टक्के दारू असलेला. आपल्याकडे कायद्याची हद्द आहे 0.03 टक्के. म्हणजे सकाळी सहाला उठून माल भरायला नंबर लावलेला, रात्री अकराला गाडी घेऊन निघालेला निर्व्यसनी ड्रायव्हर झिंगल्यासारखाच असतो, आणि कुठल्याही यंत्रात फुंकर मारून ते कळत नाही! पहाटे दोन ते पाच हा काळ आणखी वाईट. अंगातलं घड्याळ त्या वेळी शरीराला झोपवायलाच बसलेलं असतं. उघड्या डोळ्यांनीही मेंदू दोन-तीन सेकंद मिटतो. ताशी 60 च्या वेगाने गाडी तीन सेकंदांत 50 मीटर जाते. आणि हंगामात पुढे, अंधारात, रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असू शकते.

हे माहीत नव्हतं असं नाही. संसदेने 1961 सालीच मोटर वाहतूक कामगारांसाठी कायदा केला: दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. तो कायदा पुढे 2020 च्या कामगार संहितेत सामावला गेला, आठ तासांचा दिवस तिथेही आहेच. गंमत अशी की मालाबरोबरच्या कागदातही झोपेची सोय करून ठेवलेली आहे. ई-वे बिल दर 200 किलोमीटरला एक दिवस देतं. रांजणगावहून दिल्ली सुमारे 1,400 किलोमीटर, म्हणजे कागद सात दिवस जिवंत राहतो. मग शेठ "चौथ्या दिवशी पोच पाहिजे" म्हणतात, तेव्हा बाकीचे तीन दिवस कुणाच्या झोपेतून काढायचे? हे विचारायला हवं. जोडीला दुसरा ड्रायव्हर आहे की नुसता क्लीनर, तेही. आणि गाडी कधीची? 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालगाडीला एसी केबिन सक्तीची आहे. दुपारी ढाब्यावर गाडी लावून खरोखर झोप लागणार की नुसता घाम येणार, हे त्या तारखेवर बरंचसं ठरतं.

पुढचा प्रश्न बोलण्यापेक्षा बघण्याचा. गाडीत बसायला मागा, इंजिन सुरू करा, हवेच्या काट्याकडे बघा. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण मागच्या चाकांचा पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो! डब्यात एक जाडजूड स्प्रिंग असते, ती सतत ब्रेक लावूनच बसलेली. हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो तेव्हा कुठे चाक मोकळं होतं. पाइप फुटला, हवा गेली, की स्प्रिंग सुटते आणि गाडी आपोआप जखडते. म्हणजे बिघाड होईल हे आधीच गृहीत धरून, बिघाडानेच ब्रेक लागेल अशी रचना! रेल्वेत हाच विचार जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1870 च्या दशकात आणला. दौंड जंक्शनवर डबे सोडताना सुटणारा तो सुस्कारा त्याच कल्पनेचा. तेव्हा काटा किती वेळात चढतो ते बघा, मग इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं काटा किती उतरतो ते बघा. भराभर उतरला तर हवा कुठेतरी गळते आहे.

इतकं बघायचं कारण घाट. न्हावाशेवाचा माल असेल तर बोरघाट उतरायचाच. 28 टनांची गाडी सुमारे अर्धा किलोमीटर उंची उतरते, तेव्हा जवळपास 38 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ती सगळी चाकांतल्या ड्रमांमध्ये उष्णता होऊन साठते. जवळजवळ चार लिटर डिझेल ड्रमांत जाळल्यासारखं! ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पाय खाली जात राहतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून खालच्या गियरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्यायची, एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा. हे पुस्तकातून येत नाही. "पहिल्या घाटाला शेजारी जुना ड्रायव्हर देणार ना?" हे विचारताना लाज वाटायचं काहीच कारण नाही.

आता पैशाचं. पगार महिन्याचा की फेरीमागे, खर्ची आधी मिळते की नंतर, माल उतरायला दोन दिवस गाडी उभी राहिली तर भत्ता कोण देतं, मालात घट आली तर कुणाच्या पगारातून, रिकामी गाडी परत आणली तर फेरी धरता का. हे सगळं एका वहीत लिहून घ्यावं, मालकाच्या समोरच. ओरिजिनल लायसन कुणी "ऑफिसात ठेव" म्हणालं तर ते देऊ नये.

आणि सगळ्यात शेवटी, गाडीकडे पाठ फिरवायच्या आधी, नंबर प्लेट बघून घ्या. एमपरिवहन ॲपमध्ये तो नंबर टाकला की विमा कधी संपतो, फिटनेस कधीपर्यंत आहे, पीयूसी आहे का, सगळं मोबाइलवर येतं. पूर्वी आरटीओत खेटे घालून मिळायची ती माहिती आता शेठचा चहा येईपर्यंत हाती येते. विम्याची तारीख खास बघावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या सक्तीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरच्या अपघाताची भरपाईही येते, आणि लायसन त्या प्रकारच्या गाडीचं नसलं तर तीच भरपाई कोर्टात अडकू शकते. फिटनेसची तारीख उलटून गेलेली दिसली, तर पगाराचा आकडा विचारत बसायची गरजच उरत नाही.