परवडणारे पथ्य : एक चिकित्सकीय विचार

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांत शास्त्रकारांनी आहाराला प्रथम स्थान दिले आहे. पथ्याविना औषधाचे फल अपुरे राहते, हेही आपण सर्व वैद्य जाणतो व रुग्णांना आवर्जून सांगतो. तथापि आपण लिहून दिलेले पथ्य रुग्णाच्या घरी खरोखर शिजते काय, आणि शिजले तर ते कोणाच्या घासातून काढून शिजते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यास निमित्त झाली ती माझ्या हातून घडलेली एक चूक.

एक अनुभव

सोलापूर शहराच्या पूर्व भागात माझा व्यवसाय आहे. यंत्रमागावर काम करणारे पुरुष व घरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया हा येथील रुग्णवर्ग. त्यांतील पुष्कळ घरांची मातृभाषा तेलुगू. काही वर्षांपूर्वी चौतीस वर्षे वयाची एक विडी कामगार भगिनी पांडुरोगाची लक्षणे घेऊन आली. दौर्बल्य, श्रमाने धाप, अरुची, पिंडिकोद्वेष्टन, हिमोग्लोबिन ७.८ ग्रॅम. मी नवायस लोह व पुनर्नवा मंडूर यांची योजना केली आणि सोबत छापील पथ्यपत्रक दिले. त्यात गाईचे तूप, डाळिंब, काळ्या मनुका, खजूर, जुना साठेसाळीचा भात असे सर्व होते. शास्त्रदृष्ट्या त्यात काही गैर नव्हते.

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा हिमोग्लोबिन जेमतेम ८ वर होते. मी औषध बदलण्याच्या विचारात असताना बरोबर आलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुमचा कागद आम्ही पंधरा दिवस पाळला. तूप अन् डाळिंब उधारीवर आणलं. उधारी फेडायला पुढचे दोन महिने घरात डाळ कमी केली, अन् हिच्या गोळ्याही थांबवल्या.’’

म्हणजे माझ्या पथ्याने त्या घरातील डाळ खाल्ली आणि औषधही खाल्ले. त्या दिवसापासून छापील पत्रक देणे मी बंद केले.

शास्त्र काय सांगते ?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. द्रव्याचा स्वाभाविक गुण, म्हणजे प्रकृती, हे त्यांपैकी केवळ एक. आपली पथ्यपत्रके बहुधा या एकाच आयतनावर उभी असतात; ‘अमुक खा, तमुक खाऊ नका’ एवढेच ती सांगतात. महाग द्रव्याच्या अभावी जे साधते, ते उरलेल्या सात आयतनांतून. त्यांपैकी प्रस्तुत विषयाला विशेष उपयुक्त अशा पाचांचा विचार करू.

करण : संस्कारास फारसा पैसा पडत नाही. अग्नी, जल, मंथन, काल यांच्या संस्काराने द्रव्याचा गुण पालटतो. जुनी साठेसाळ न परवडणाऱ्या घरी शिधापत्रिकेवरचा साधा तांदूळ असतो. तो कोरडा भाजून मग शिजविल्यास भात लघु होतो. भाताची पेज ओतून न देता जिरे व सैंधव घालून आजारी माणसास व मुलांस द्यावी. तांदळातील पाण्यात उतरणारी जीवनसत्त्वे तिच्यात असतात. कडधान्य रात्री भिजत घातल्यास लवकर शिजते व इंधन वाचते. मोड आणल्याने त्यातील ‘क’ जीवनसत्त्व वाढते हे खरे. परंतु विरूढ धान्य गुरू असल्याने ते कच्चे न खाता शिजवून, हिंग-जिरे-लसणाची फोडणी देऊन खावे. पालेभाज्या लोखंडी कढईत केल्यास लोहाचा काही अंश आपोआप पदरात पडतो; पदार्थ आंबटसर असेल तर अधिक. मात्र शिजल्यावर तो लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

संयोग : तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही मिळून प्रथिने पूर्ण होतात. भाकरी-पिठले, वरण-भात, खिचडी, मटकीची उसळ व भाकरी हे आपल्या आजीबाईंचे संयोग या दृष्टीने निर्दोष आहेत. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा या शोषणास अडथळा करतो. जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा, हा सल्ला पांडुरोगात काहीही खर्च न करता उपयोगी पडतो.

देश व काल : सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा प्रदेश. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा ठिकाणी दूरदेशीचे पौष्टिक धान्य मागविण्याचे कारण नाही. यावनाल म्हणजे ज्वारी लघु व रूक्ष. म्हणून तिच्याबरोबर शेंगदाण्याची वा तिळाची चटणी, पातळ डाळ किंवा ताक हवे. हेमंतात बाजरी, तीळ व गूळ; ग्रीष्मात ज्वारी व तांदळाची पेज; वर्षा ऋतूत जुने धान्य व मुगाचे कढण असा क्रम ठेवावा. ताक ताजे व गोडसर असावे. ग्रीष्मात तसेच रक्तपित्ताच्या रुग्णास ते विचारपूर्वक द्यावे. भाजी मोसमातील घेतली की ताजीही मिळते व स्वस्तही पडते. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला यांतील एखादी भाजी वर्षाच्या बहुतेक काळात बाजारात असतेच.

राशी : चरकाचार्यांनी राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन भेद केले आहेत. संपूर्ण आहाराची एकत्रित मात्रा म्हणजे सर्वग्रह व त्यातील प्रत्येक द्रव्याची स्वतंत्र मात्रा म्हणजे परिग्रह. हा भेद गरीब घरात फार महत्त्वाचा ठरतो. पोट भरते, म्हणजे सर्वग्रह साधतो. पण ते केवळ भाताने किंवा भाकरीने भरते, डाळीचा परिग्रह साधत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. घरातील सर्वांस वाढून शेवटी जेवणारीच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचे पाणीदार वरण येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. त्यामागे अनेक कारणे आहेत. पण वाढपाचा हा क्रम त्यांपैकी एक आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

पाच माणसांचा एक दिवस

वरील भगिनीच्या घरात पती, सासूबाई, बारा व आठ वर्षांची दोन मुले अशी एकूण पाच माणसे. त्या घरासाठी बसविलेले एका दिवसाचे प्रमाण असे : ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ सव्वा किलो, तांदूळ ४०० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ३५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, तेल १०० ग्रॅम, गूळ ७५ ग्रॅम, दूध अर्धा लिटर, पालेभाजीची एक मोठी जुडी, इतर भाजी पाऊण किलो, लिंबे दोन. यातून सर्वांना मिळून सुमारे ९,००० कॅलरी व २८० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पाचही जणांची प्रथिनांची दैनंदिन गरज एकत्रित धरली तर ती २०० ग्रॅमच्या जवळपास येते. म्हणजे महाग द्रव्य एकही न आणता गरज भागते; वाटणी मात्र नीट हवी.

या प्रमाणाने महिन्याला सुमारे ५० किलो धान्य लागते. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांस २५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. निम्म्या धान्याची सोय येथे होते. डाळीसाठी पैसे कोठून आणावयाचे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर त्या घरातच होते. दोन्ही मुले दररोज पाच रुपयांच्या दोन-दोन तळलेल्या पुड्या खात. दिवसाला वीस रुपये, महिन्याला सहाशे. एवढ्या पैशात तेव्हा सुमारे चार किलो डाळ येत असे. पुड्या एकदम तोडल्या नाहीत. असात्म्य सवयी पादांशिक क्रमाने सोडवाव्यात हे शास्त्रवचन येथेही लागू पडते. आधी दोनाची एक पुडी, पुढे आठवड्यातून एकदा, आणि त्या जागी भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा.

दिनक्रम साधाच होता. सकाळी नुसत्या चहा-खारीऐवजी रात्रीच्या भाकरीचा चुरा कांदा-शेंगदाणे घालून परतलेला, किंवा मुगाची पेज. दुपारी भाकरी, पालेभाजी, उसळ व ताक. रात्री भात व पालेभाजी घातलेली डाळ.

उपयोक्ता आणि ओकसात्म्य

या डाळीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. मी प्रथम मुगाच्या खिचडीचा आग्रह धरला होता. ती भगिनी संकोचाने म्हणाली, की खिचडी त्यांच्याकडे फक्त आजारपणात करतात, मुले तोंड फिरवतात. मी विचारले, ‘‘ताई, तुमच्या आई काय करीत असत ?’’ ती म्हणाली, ‘‘पप्पू. तुरीच्या डाळीत अंबाडी घालून. कधी शेवग्याचा पाला.’’ डाळीचे प्रथिन, पाल्यातील लोह, अंबाडीचा आंबटपणा, वरून लसणाची फोडणी, आणि हे सर्व एकाच कुकरात ! मी ग्रंथांतून जे शोधत होतो, ते तिच्या माहेरच्या स्वयंपाकात तयार होते. मुलांनी ते विनातक्रार खाल्ले. जे ज्याला सवयीने सात्म्य झाले आहे, ते हितकर असेल तर त्यासारखे पथ्य नाही. ते शिकवावे लागत नाही व मोडतही नाही.

दुसरी गोष्ट सासूबाईंना सांगितली. ‘‘मावशी, सुनेच्या वाटणीची डाळ सगळ्यांच्या आधी वाटीत काढून झाकून ठेवा. ती तिचे औषध समजा.’’ मावशींनी ते मनावर घेतले. तूप आम्ही ‘रोज एक चमचा, फक्त रुग्णास’ एवढ्यावर आणले. डाळिंबाच्या जागी आवळा व लिंबू आले. औषधे तीच पुन्हा सुरू केली. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झाले. याचे श्रेय केवळ आहाराला देणे अशास्त्रीय होईल. औषधही या वेळी अखंड घेतले गेले होते. परंतु ते अखंड घेता आले, कारण पथ्याने घराचे पैसे संपविले नाहीत. रक्ताल्पता तीव्र असेल, गर्भावस्था असेल किंवा रक्तस्राव चालू असेल, तर केवळ आहारावर विसंबून न राहता रुग्णास वेळीच रुग्णालयात पाठविणे आपले कर्तव्य आहे, हेही येथे नमूद करतो.

वैद्यबंधु-भगिनींना विनंती

पथ्य लिहिण्यापूर्वी रुग्णास पाच प्रश्न विचारावेत. घरात खाणारी माणसे किती ? शिधापत्रिकेवर काय व किती मिळते ? स्वयंपाक कोण करते व शेवटी कोण जेवते ? चहा, पुड्या, बाहेरचे खाणे यांवर रोज किती खर्च होतो ? आणि माहेरी किंवा मूळ गावी रोजचे जेवण काय होते ? या प्रश्नांस पाच मिनिटे लागतात. त्यानंतर छापील कागदाऐवजी चिठ्ठीच्या मागे आपल्या हाताने चार ओळी लिहाव्यात. त्यांत एकही द्रव्य असे नसावे की जे आणण्यासाठी दुसऱ्या कोणाचा घास कमी करावा लागेल.

आपल्या शास्त्राने अन्नाला प्राण मानले आहे. ते प्राणधारण ज्या चुलीवर घडते, तिची ओळख नाडीपरीक्षेइतकीच आपल्याला असावी, एवढीच नम्र अपेक्षा.