माणूस गेला? घ्या भरपाई!

सकाळची पनवेल लोकल. मानसरोवर येईस्तोवर आमच्या ग्रुपचा विषय एकच: टीममधला हुशार पोरगा जास्त पॅकेजवर दुसरीकडे गेला. आता त्याचं काम कोण करणार?

आयपीएलकडे यावर ‘राइट टू मॅच’चा उतारा आहे. २०१८च्या लिलावात कृणाल पंड्यावरची बोली ८.८० कोटींवर पोचली, तेव्हा मुंबई इंडियन्सने तेवढेच मोजून त्याला परत आणलं.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलचा हिशेब वेगळा. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने नेला, की पुढच्या वर्षी नव्या पोरांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, जुन्या संघाला जादा संधी मिळू शकते. ही पद्धत १९९४ पासूनची. गेले किती, आणले किती, नवा पगार काय, यावर गणित ठरतं. संधी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी, एका संघाला जास्तीत जास्त चार.

उशिराची म्हणून हसू नका! २०००मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनी अशाच जादा संधीत, १९९व्या क्रमांकावर, टॉम ब्रेडीला निवडलं. त्याने त्यांना सहा सुपर बोल जिंकून दिले.

तेव्हा बॉसला आजच विचारा: गेलेल्याच्या बदल्यात नवा माणूस येतोय, की त्याच्या फायली तुमच्याच टेबलावर?