‘लातूरला टाकलं की डॉक्टर होतोच’

जून लागला की हे वाक्य कानावर येतंच: ‘पोराला लातूरला टाकलंय, आता डॉक्टर झाल्यातच जमा.’ नांदेडकडे लातूरच्या जागी तिथल्या क्लासवाल्या श्यामनगरचं नाहीतर भाग्यनगरचं नाव येतं, बाकी सगळं तेच. पोरगं काय म्हणतंय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘त्याला काय कळतंय?’

आधी आकडे बघू. 2025 च्या नीटला सुमारे 22 लाख 9 हजार मुलं बसली. त्यातली 12 लाख 36 हजार ‘पात्र’ ठरली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा, खासगी कॉलेजं धरून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या जेमतेम एकाला प्रवेश. खुल्या गटासाठी पात्रतेची रेषा 50 पर्सेंटाइलची असते. 2025 ला ती 720 पैकी 144 गुणांवर आली. इतक्या गुणांवर सरकारी एमबीबीएसचं दार उघडत नाही. तरी ‘नीट पात्र’ म्हणून चौकात फ्लेक्स लागतो, पेढे वाटले जातात, आणि प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या की तेच घर फोन उचलायचं टाळतं. क्लासच्या फ्लेक्सवर तर ज्यांना मिळालं त्यांचेच फोटो. बाकीच्यांचा फ्लेक्स कोण लावणार?

लातूर पॅटर्न खोटा आहे, असं मी म्हणत नाही. राजर्षी शाहू, दयानंद अशा कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी जादा तास घेतले, पेपरवर पेपर सोडवून घेतले, चुका दाखवल्या, पुन्हा सोडवून घेतले. खेड्यापाड्यातली मुलं त्यातून पुण्या-मुंबईच्या बरोबरीनं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आली. ही मेहनतीची पद्धत आहे. ज्याला जायचंय त्याला ती पोहोचवते. जायचं कुठं, हे ठरवायचं काम तिनं कधी अंगावर घेतलंच नव्हतं. ते आपण तिच्या गळ्यात मारलं.

लातूरच्या ट्यूशन एरियातली एखादी भाड्याची खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बारा. स्वयंपाकाला आई सोबत आलेली, बाप गावाकडं शेतात. टेस्टचे गुण संध्याकाळी बापाच्या मोबाइलवर पडतात. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, म्हणून पोरगं फिजिक्सचे अर्धे गोल कोरेच ठेवून येतं. गादीखालची चित्रांची वही मात्र भरत चाललीय. बापाला मोबाइलवरचा आकडा दिसतो, वही त्याला कुणी दाखवलेलीच नसते. त्याला काय कळतंय म्हणे! पोराला पहिल्या तिमाहीतच कळलेलं असतं. विचारायचं राहून गेलेलं असतं.

बाकीचे समज थोडक्यात.

‘एकदा रिपीट केलं की होतंच.’ काहींचे गुण वाढतात, खरं आहे. पण नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वयाची वरची अटही आता नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा असं चालूच राहतं. कुठं थांबायचं ते पोराला शेजारी बसवून आधीच ठरवा.

‘मराठवाड्याच्या पोरांना इथल्या जागा राखीव आहेत.’ होत्या. विभागवार जागा राखणारं 70:30 चं ते सूत्र सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झालं, आणि ते जाहीर करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच.

‘मोकळीक दिली की लेकरू वाया जातं.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांच्या तऱ्हा अभ्यासल्या. नियम पक्के ठेवून लेकराचं ऐकून घेणाऱ्या घरांतली मुलं जास्त स्वावलंबी दिसली. धाकातली नव्हेत, मोकाट सोडलेलीही नव्हेत.

‘आर्ट्सला गेलं की संपलं.’ एनडीएतून लष्करात जायला किंवा पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कुठलीही शाखा चालते. यूपीएससीला कुठलीही पदवी.

‘एमबीबीएस नाही तर काहीच नाही.’ पशुवैद्यकाचं सरकारी कॉलेज आपल्या उदगीरलाच आहे, प्रवेशही नीटच्याच गुणांवर. पण पोरीनं तसं नुसतं म्हणून बघावं. दारात चार म्हशी बांधलेलं घरसुद्धा नाक मुरडतं: ‘ढोराचा डॉक्टर?’